रांगेचं गणित मांडणारा माणूस : अॅग्नर एरलांग

मागच्या उन्हाळ्यात ताई, भाऊजी आणि दोन भाचरांना घेऊन मी वणीहून एका अम्युझमेंट पार्कला गेलो होतो. रविवार होता. गेटवर पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. दिवसभरात राइड झाल्या फक्त तीन, बाकी सगळा वेळ लाईनमध्ये. भाची ज्या रोलर कोस्टरसाठी महिनाभर दिवस मोजत होती, तिथे आमचा नंबर लागलाच नाही. येताना ती गाडीत गप्प बसून होती. पैसे गेले त्यापेक्षा मला ते जास्त लागलं, कारण प्लॅनिंग माझं होतं.

त्यात मी इंजिनिअर. टेलिकॉमच्या पेपरला एरलांग नावाचं युनिट होतं. सूत्रात आकडे टाकायचे आणि मार्क घ्यायचे, एवढीच आमची ओळख. हे एका माणसाचं आडनाव आहे आणि त्याने आयुष्यभर रांगांचाच अभ्यास केला, हे मला त्या ट्रिपनंतर कळलं.

खेड्यातल्या मास्तरांचा मुलगा

अॅग्नर क्रारुप एरलांग यांचा जन्म 1 जानेवारी 1878 रोजी डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग या गावी झाला. वडील गावातल्या शाळेत मास्तर. पोराला आकाशातल्या ताऱ्यांचं भारी वेड. वयाच्या चौदाव्या वर्षी कोपनहेगनला जाऊन त्यांनी परीक्षा दिली. वय कमी असल्याने त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती. पास होऊन गावी परतले आणि दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं. पुढे स्कॉलरशिप मिळाली आणि 1901 मध्ये कोपनहेगन विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली. त्यानंतर पुन्हा शाळांमध्ये शिकवणं सुरू.

गणितप्रेमींच्या एका संघटनेत त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे चीफ इंजिनिअर आणि स्वतः मोठे गणिती. त्यांच्यामुळे 1908 मध्ये, तिशीत, एरलांग या कंपनीत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

लाईन किती टाकायच्या?

तेव्हा एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर हाताने वायर खोचून कॉल जोडायचे. लाईन कमी टाकल्या तर लोक ताटकळतात, जास्त टाकल्या तर कंपनीचा पैसा वाया जातो. मग नेमक्या किती?

1909 च्या पेपरमध्ये एरलांग यांनी दाखवलं की प्रत्येक कॉल कधी येईल हे सांगता येत नसलं, तरी हजारो कॉल मिळून एक ठरावीक पॅटर्न बनतो आणि त्याचं गणित मांडता येतं. 1917 मध्ये ऑटोमॅटिक एक्स्चेंजसाठीची त्यांची प्रसिद्ध सूत्रं आली.

उदाहरण घ्या. तासाला 30 कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी 4 मिनिटं चालतो. म्हणजे 120 मिनिटांचं काम, भागिले 60, बरोबर 2 एरलांग. आता वाटेल की 2 लाईन पुरतील. पण सूत्र सांगतं, 2 लाईनवर 100 पैकी 40 जणांना एंगेज टोन मिळेल. 5 लाईन टाकल्या तर चारपेक्षाही कमी जणांना. कारण कॉल एकसारख्या अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात.

हे सगळं ऑफिसात बसून झालं नाही. तारांमधली गळती मोजायला ते स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरायचे आणि शिडी घेऊन एक मदतनीस मागे असायचा. त्यांचं लिखाण इतकं थोडक्यात असायचं की बाकीच्यांच्या डोक्यावरून जायचं. तरीही अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या एका संशोधकाने ते मुळातून वाचायला चक्क डॅनिश भाषा शिकून घेतली.

तेच गणित पार्कात

तिकीट काउंटरवर एका माणसाला सरासरी एक मिनिट लागतं, कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणजे तासाला जास्तीत जास्त 60 जण. तासाला 48 जण आले तर सरासरी 4 मिनिटं थांबावं लागतं. 54 आले तर 9 मिनिटं आणि 57 आले तर 19! 48 वरून 57, माणसं वाढली फक्त नऊ, पण थांबणं जवळपास पाचपट झालं. म्हणूनच रविवार आणि मंगळवार यांत एवढा फरक पडतो.

राइडवर तर याहून वाईट होतं. तिची क्षमता तासाला 300 आणि येणारे 400 असतील, तर दर तासाला 100 माणसं मागे साचतात. दोन तासांनी 200 जण उभे, म्हणजे 40 मिनिटं. गर्दी ओसरेपर्यंत ही रांग काही हटत नाही. वणीच्या रंगनाथ स्वामींच्या यात्रेतल्या आकाशपाळण्यालाही हाच नियम लागू.

म्हणून तीन गोष्टी करा:

1. शाळा सुरू असतानाचा मधला वार निवडा.
2. गेट उघडायच्या आधी पोचा आणि सगळ्यात हवी असलेली राइड आधी उरका. दुपारी ती मिळत नाही.
3. लाईनीत शिरण्याआधी मोजा. दर 4 मिनिटांना 20 जण आत जात असतील आणि पुढे 150 उभे असतील, तर अर्धा तास लागेल. मग ठरवा.

मागे काय राहिलं

एरलांग यांनी लग्न केलं नाही. कामात गढलेले असायचे, पण दारात आलेल्या गरजूंना मदत करायचे. जवळपास वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची एकही सुट्टी नाही. 1929 च्या जानेवारीत मात्र ते आजारी पडले, पोटाचं ऑपरेशन झालं आणि 3 फेब्रुवारीला वयाच्या 51 व्या वर्षी ते गेले.

1946 मध्ये टेलिफोन ट्रॅफिकच्या युनिटला त्यांचं नाव मिळालं. 1980 च्या दशकात एरिक्सन कंपनीत बनलेल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेलाही तेच नाव दिलं गेलं. तुमच्या व्हॉट्सअॅपचा सर्व्हर याच एरलांग भाषेवर उभा राहिला.

यंदा आम्ही पुन्हा गेलो. मंगळवारी. आदल्या रात्री जवळच मुक्काम केला आणि सकाळी गेटवर सगळ्यांच्या आधी उभे राहिलो. पहिली राइड रोलर कोस्टर. दुपारी एका राइडपाशी मी वळणार, तेवढ्यात भाचीने हात धरून थांबवलं. माणसं मोजली, बोटांवर भागाकार केला आणि आधी जेवून घेऊ म्हणाली.