तापलेल्या तारेचा नियम शोधणारे जेम्स प्रेस्कॉट जूल

बुलढाणा हे गाव अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर वसलेले असल्यामुळे येथील हिवाळा खालच्या मलकापूर-नांदुऱ्याकडील हिवाळ्याहून अधिक बोचरा असतो. अशा पहाटे पुष्कळ घरी पाणी तापविण्याचा विजेचा हीटर बाहेर निघतो आणि जवळ योग्य सॉकेट नसल्यास दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनची बारीक वायर ओढून आणली जाते. थोड्याच वेळात ती वायर हातास गरम लागू लागते. ती का तापते व किती तापते, ह्याचा नियम ज्या थोर पुरुषाने शोधून काढला, त्याचे चरित्र विद्यार्थी मित्रांनी व त्यांच्या पालकांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

जेम्स प्रेस्कॉट जूल ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडातील मँचेस्टर शहरालगतच्या सॅल्फर्ड येथे झाला. वडिलांचा बिअर तयार करण्याचा मोठा कारखाना होता. बालपणी जूल ह्यांची प्रकृती नाजूक असे. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले. १८३४ साली त्यांना व त्यांच्या भावाला प्रख्यात शास्त्रज्ञ जॉन डाल्टन ह्यांच्याकडे गणित शिकण्यास पाठविले. हा योग फार दिवस टिकला नाही. १८३७ साली डाल्टन पक्षाघाताने आजारी पडले. विश्वविद्यालयाची पायरी जूल कधीच चढले नाहीत.

त्यांची खरी शाळा म्हणजे वडिलांचा कारखाना. तेथे जवाचा काढा कढविताना व निवविताना उष्णतामानाकडे बारीक लक्ष द्यावे लागे. थर्मामीटर अचूक वाचण्याची सवय त्यांस जन्मभर उपयोगी पडली. वाफेच्या यंत्राऐवजी विजेचे यंत्र चालवावे, अशी तरुण जूल ह्यांची उमेद होती. परंतु त्या काळी वीज घटमालेतून मिळे आणि तीत खर्ची पडणारे जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडे. उमेद फळास आली नाही. तरी प्रयोग थांबले नाहीत.

त्यांनी काचेच्या नळीभोवती तार गुंडाळली, ती पाण्यात बुडविली, तीतून प्रवाह सोडला आणि पाणी किती तापले ते मोजले. १८४० साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांना नियम सापडला : तारेत उत्पन्न होणारी उष्णता तारेच्या रोधाच्या व प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने ह्या निबंधाचा केवळ सारांश छापला. पुढे १८४३ साली कॉर्क येथील विद्वत्सभेत श्रम आणि उष्णता ह्यांचे निश्चित प्रमाण असते असे त्यांनी मांडले, तेव्हा सभा मौनच राहिली. जूल रागावले नाहीत. घरी येऊन त्यांनी पुन्हा थर्मामीटर हाती घेतला. १८४७ साली ऑक्सफर्ड येथे विल्यम टॉम्सन ह्यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले आणि हळूहळू जगाची मान्यता मिळाली. १८५० साली त्याच रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचा अंत झाला. ऊर्जेच्या एककास आज त्यांचे नाव आहे. आपल्या मीटरवरील एक युनिट म्हणजे ३६ लक्ष जूल होत.

आता त्यांचा नियम आपल्या घरी लावून पाहू. २३० व्होल्टवर ५०० वॉटचा मिक्सर सुमारे २.२ अँपिअर प्रवाह घेतो. २००० वॉटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर. प्रवाह चौपट झाला, म्हणून त्याच वायरीत उष्णता सोळापट झाली! मिक्सर सुखाने चालविणारा ६ अँपिअरचा बोर्ड हीटरखाली वितळतो, तो ह्याच कारणाने. वायर जितकी बारीक व लांब, तितका तिचा रोध अधिक. वेटोळे करून ठेवलेल्या किंवा अंथरुणाखाली दाबलेल्या वायरीतील उष्णतेस बाहेर पडण्यास वाट मिळत नाही, आणि सैल पिनेच्या जागी तर ती एका बिंदूवरच साठते.

ह्यास्तव हीटर, गीझर, विजेची शेगडी ही भिंतीतील अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडावी. निरुपाय झाल्यास तेवढ्या प्रवाहास पुरेल अशी जाड, आखूड, तीन तारांची वायर पूर्ण उलगडून वापरावी, तिचा बोर्ड ओल्या फरशीपासून दूर ठेवावा, आणि एका बोर्डावर दोन जड उपकरणे कदापि लावू नयेत. पिन गरम लागली, प्लास्टिकचा वास आला, तर तत्काळ मुख्य बटण बंद करावे.

जूल ह्यांनी पाण्यात बुडविलेल्या तारेची उष्णता थर्मामीटरने मोजली. आपणांस तेवढे कष्ट नकोत. उपकरणावर लिहिलेला वॉटचा आकडा वाचून २३० ने भागण्याचा भागाकार पुरे. हे गणित चौथीच्या मुलासही येते. ते हीटर लावण्यापूर्वी करावे, इतकेच.