एच.जी. वेल्स

हर्बर्ट जॉर्ज वेल्स (जन्म : ब्रॉम्ली, इंग्लंड, २१ सप्टेंबर १८६६, मृत्यू : लंडन, १३ ऑगस्ट १९४६) हे इंग्लिश कथाकार, कादंबरीकार व विचारवंत होते. विज्ञानकथेच्या जनकांमध्ये फ्रेंच लेखक जूल व्हर्न यांच्याबरोबर त्यांची गणना होते. त्यांच्या अनेक कथा-कादंबऱ्यांची नभोवाणीसाठी रूपांतरे झाली.

जीवन

वेल्स यांचे वडील दुकानदार व व्यावसायिक क्रिकेटपटू होते. १८७४ मध्ये पाय मोडून अंथरुणाला खिळले असता वेल्स यांना वाचनाची गोडी लागली. पुढे वडील जायबंदी होऊन मिळकत घटली आणि त्यांना कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. ती सोडून ते मिडहर्स्टच्या शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाले. १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी लंडनमध्ये टी.एच. हक्सली यांच्याकडे जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८९० मध्ये ते लंडन विद्यापीठाचे पदवीधर झाले. प्रकृती ढासळल्याने अध्यापन सोडून ते लेखनाकडे वळले.

विज्ञानकथा

द टाइम मशीन (१८९५), द इन्व्हिजिबल मॅन (१८९७) व द वॉर ऑफ द वर्ल्ड्स (१८९८) या त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या होत. द कंट्री ऑफ द ब्लाइंड (१९०४) ही त्यांची विशेष प्रसिद्ध लघुकथा. आंधळ्यांच्या राज्यात एकाक्ष राजा ठरतो, ही समजूत तीत उलटवली आहे. मराठीतील ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ या म्हणीशी तिचे साम्य आहे. कथेतील डोळस नायकाला राज्य तर मिळत नाहीच, उलट त्याची दृष्टी हाच आजार मानला जातो.

नभोवाणीवरील रूपांतरे

३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकेतील सीबीएसवरून द वॉर ऑफ द वर्ल्ड्सचे नभोनाट्य सादर केले. हॉवर्ड कॉख यांच्या संहितेत घटनास्थळ इंग्लंडऐवजी न्यू जर्सी होते व बराचसा भाग बातमीपत्राच्या रूपात होता. काही श्रोत्यांना आक्रमण खरे वाटले. तथापि देशभर हलकल्लोळ माजल्याची वर्तमानपत्रांतील वर्णने अतिरंजित होती, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. मूळ कृतीत केलेल्या बदलांबद्दल लेखकाने प्रारंभी नाराजी व्यक्त केली होती. मात्र १९४० मध्ये सॅन अँटोनियो येथील नभोवाणी केंद्रावर दोघांची सौहार्दाने भेट झाली. द कंट्री ऑफ द ब्लाइंडचे रूपांतर सीबीएसच्या एस्केप या मालिकेत १९४७ मध्ये झाले. ध्वनीवरच विसंबणाऱ्या माध्यमात दृष्टिहीनांचे जग श्रोत्याला जवळचे होते.

वेल्स स्वतः १९२९ पासून बीबीसीवर भाषणे देत. भविष्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे प्राध्यापक नेमावेत, असा आग्रह त्यांनी १९३२ मधील भाषणात धरला.

उत्तरायुष्य

द वर्ल्ड सेट फ्री (१९१४) या कादंबरीत त्यांनी अणुबॉम्बची कल्पना मांडली होती. ती वाचलेले भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांना १९३३ मध्ये अणुकेंद्रीय साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. हिरोशिमाच्या संहारानंतर सुमारे एका वर्षाने वेल्स यांचे निधन झाले. आपली कल्पना प्रत्यक्षात आलेली त्यांना हयातीतच पाहावी लागली.