मुलींच्या खेळातून बुद्धीच्या चाचणीकडे : आल्फ्रेड बिने

आर्वी, हिंगणघाटकडून आईवडील शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला घेऊन आमच्या ओपीडीत येतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते : आयक्यूचा आकडा. ज्यांच्या चाचणीतून हा आकडा जन्मला, त्या आल्फ्रेड बिने यांनी मात्र तो कधी काढला नव्हता.

बिने यांचा जन्म १८५७ मध्ये फ्रान्समधील नीस शहरात झाला. शिक्षण वकिलीचे, मानसशास्त्र ते पॅरिसच्या ग्रंथालयात बसून स्वतःच शिकले. पुढे तिथल्या साल्पेत्रिएर रुग्णालयात संमोहनावर काम करताना मोठी चूक झाली. लोहचुंबक फिरवला की रुग्णाच्या एका बाजूचा लुळेपणा दुसऱ्या बाजूला जातो, असे त्यांनी ठामपणे मांडले. प्रत्यक्षात रुग्णांना काय अपेक्षित आहे ते आधीच कळत होते. बिने यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. आमच्या व्यवसायात हे दुर्मीळच!

मग घरातल्या दोन लहान मुली हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. एकीचे लक्ष स्थिर, निरीक्षण अचूक. दुसरी कल्पनेत रमणारी. दोघी हुशार, पण विचार करण्याची रीत वेगळी. १९०३ मध्ये यावर त्यांचे पुस्तक आले. मुलांची डोकी मोजून बुद्धी कळते का, हेही त्यांनी पाहिले. फरक नगण्य निघाला, शिवाय आपल्या मनातला समज मोजपट्टीत उतरतो हेही लक्षात आले. तो नाद त्यांनी सोडला.

१९०४ मध्ये शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी फ्रेंच सरकारने आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. पुढच्याच वर्षी डॉ. तेओदोर सिमाँ यांच्यासह त्यांनी ३० प्रश्नांची चाचणी दिली : आकडे ऐकून परत म्हणणे, चित्रातल्या वस्तू ओळखणे, वजनांची तुलना करणे, शब्दांचा अर्थ सांगणे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्पिअरमन सगळ्या बुद्धीमागे एकच सामान्य शक्ती मानत होते. बिने यांना ते पटेना. सारासार विचाराला ते सर्वांत जास्त महत्त्व देत. तरी स्मृती, लक्ष, भाषा यांचा कमीअधिकपणा मुलागणिक बदलतो, आणि सरावाने सुधारतोही, असे त्यांचे म्हणणे. कमकुवत मुलांच्या वर्गात पुतळ्यासारखे स्तब्ध राहण्याचा खेळ घेतला जाई, तो एकाग्रतेसाठी.

१९११ मध्ये, ५४व्या वर्षी ते गेले. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना स्टर्न यांची, १९१२ मधली. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी भागाकाराला शंभराने गुणले आणि आयक्यू रूढ झाला.

टर्मन यांच्या त्या आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी चाचणी बेतली. तिच्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९३४ चा. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. तिचे प्रश्न भाषा, स्मृती, तर्क, हात-डोळ्यांचा मेळ अशा गटांत लावून पाहता येतात. म्हणजे सारख्याच आयक्यूच्या दोन मुलांपैकी एकाचे गाडे स्मृतीशी अडलेले दिसते, दुसऱ्याचे भाषेशी, आणि दोघांना मदत वेगळी लागते. म्हणून पालकांनो, अहवाल हातात आला की आकड्याखालच्या ओळीही मानसशास्त्रज्ञांकडून समजून घ्या आणि त्या शाळेतल्या सरांना दाखवा.