वारं नव्हे, रक्ताची वाट अडते! मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं कडं उलगडणारे डॉ. थॉमस विलिस

स्मृतिदिन विशेष

आपल्याकडे माणसाची एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं की म्हणतात, अंगावरून वारं गेलं. कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू. पण यात वाऱ्याचा काही संबंध नसतो. मेंदूला रक्त नेणारी एखादी वाहिनी तुंबते, नाहीतर फुटते. आज ही गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यातही सांगतात. पण मेंदूला रक्त कसं पोचतं याचा उलगडा साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी केला, त्या इंग्लंडच्या डॉ. थॉमस विलिस यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. ११ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

शेतीवाडीच्या घरातला मुलगा

विलिस यांचा जन्म २७ जानेवारी १६२१ रोजी इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातल्या ग्रेट बेडविन या गावी झाला. पुढे घर ऑक्सफर्डजवळच्या नॉर्थ हिंक्सी गावात आलं. घरची शेती होती. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात शिकताना ते तिथल्या एका धर्मगुरूच्या घरी पडेल ते काम करून राहिले. त्या घरची बाई औषधं बनवायची. कुटणं, गाळणं, काढे करणं यात विलिस तिला मदत करायचे. औषधाची गोडी तिथेच लागली.

पण शिक्षण सुरळीत झालं नाही. १६४२ मध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलं आणि ऑक्सफर्ड म्हणजे राजाची छावणीच झाली. त्या गर्दीत तापाची साथ आली, त्यात १६४३ साली वडील गेले. विलिस राजाच्या बाजूने शिपाई म्हणून उभे राहिले. १६४६ मध्ये त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली खरी, पण धड शिकवणी अशी झालीच नव्हती. एका अर्थी ते बरंच झालं. जुन्या ग्रंथांचं पाठांतर कमी झालं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायची सवय लागली.

बाजारातला डॉक्टर

सुरुवातीला रोगी मिळेनात. विलिस जवळच्या अॅबिंग्डनच्या बाजाराला जायचे. बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना, मजुरांना तपासायचे, त्यांची लघवी बघून औषध द्यायचे. स्वतःचा घोडा घ्यायलाही पैसे नव्हते. दुसऱ्या एका डॉक्टरबरोबर दोघांत मिळून एक घोडा होता.

नाव झालं ते १६५० मध्ये. अॅन ग्रीन नावाच्या मोलकरणीला नवजात बाळाला मारल्याच्या आरोपावरून ऑक्सफर्डला फाशी दिली. प्रेत चिरफाडीसाठी विल्यम पेटी आणि विलिस यांच्याकडे आणलं. पेटी उघडली तर बाई अजून श्वास घेत होती! डॉक्टरांनी हत्यारं बाजूला ठेवली. तिला ऊब दिली, अंग चोळलं, घशात गरम औषध घातलं. बाई जगली. तिला माफी मिळाली, पुढे लग्न झालं, मुलंही झाली.

मेंदू खालून पाहिला

१६६० मध्ये विलिस ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. त्या काळात मेंदू कवटीतच ठेवून वरून काप घेत बघायची पद्धत होती. विलिस आणि त्यांचे सहकारी रिचर्ड लोअर यांनी मेंदू अख्खा बाहेर काढून उलटा केला आणि तळाकडून पाहिला. चित्रं काढायला मदतीला होते ख्रिस्तोफर रेन, म्हणजे ज्यांनी पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधलं ते. या कामाचं पुस्तक १६६४ मध्ये लॅटिनमध्ये निघालं, ‘सेरेब्री अॅनाटोमे’, म्हणजे मेंदूची रचना. लोअर यांनी हातभार लावला नसता तर हे काम झालं नसतं, हे विलिस यांनी पुस्तकातच कबूल केलं आहे.

मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिन्या चार. दोन मानेच्या पुढून आणि दोन मागून, मणक्यांतून वर जातात. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन गोल कडं तयार होतं. हे कडं विलिस यांच्या आधीही काहींनी पाहिलं होतं. स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फर यांनी तर १६५८ मध्येच दाखवलं होतं की झटक्याने मेलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव सापडतो. पण हे कडं कशासाठी आहे, ते विलिस यांनी सांगितलं. त्यांनी एका बाजूच्या वाहिनीत रंगीत पाणी सोडलं, ते कड्यातून फिरून दुसऱ्या बाजूला उतरलं.

पुरावा एका माणसाच्या शरीरातही मिळाला. पोटातल्या गाठीने मेलेल्या त्या माणसाचा मेंदू तपासला तर एका बाजूची मानेतून येणारी वाहिनी हाडासारखी कडक होऊन जवळजवळ बंद झालेली. तरी त्या माणसाला लकवा आला नव्हता! कारण त्याच बाजूची मागची वाहिनी नेहमीपेक्षा तिप्पट मोठी झाली होती.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. दोन चाऱ्या टोकाला जोडलेल्या असल्या आणि एक हळूहळू गाळाने भरत गेली, तर दुसरीचं पाणी तिकडे वळतं, तीच रुंद होत जाते. पण चालू बाऱ्यात अचानक चारी तुंबली तर दुसरीला रुंद व्हायला वेळच मिळत नाही आणि पीक जळतं. मेंदूचंही तसंच आहे.

पुढच्या शतकात या कड्याला विलिस यांचं नाव मिळालं. जगभरचे डॉक्टर आजही ते ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणूनच शिकतात. मज्जासंस्थेच्या शास्त्राला ‘न्यूरॉलॉजी’ हा शब्दही त्यांचाच.

लंडन आणि अखेर

१६६७ मध्ये विलिस लंडनला गेले. सेंट मार्टिन्स लेनवरच्या घरी रोग्यांची रीघ लागली, पैसा भरपूर आला. मधुमेही रोग्याची लघवी गोड असते, असंही त्यांनी लिहून ठेवलं. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ते आधीच माहीत होतं, पण युरोपात ती नवी गोष्ट होती.

सगळंच बरोबर होतं असं नाही. उपचार काळाप्रमाणेच होते, रक्त काढणं, जुलाब देणं. वेड्या माणसाला धाकात ठेवावं, मारावं असंही त्यांचं मत होतं, ते आज कुणी मानणार नाही. रोग कुठे आहे हे त्यांना दिसलं, पण तो बरा करायचं साधन त्यांच्या हाती नव्हतं.

घरीही दुःख होतं. अनेक मुलं लहानपणीच गेली, १६७० मध्ये पत्नी मेरीही गेली. रविवारची कमाई ते गरिबांसाठी ठेवायचे. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी छातीच्या आजाराने त्यांचं निधन झालं. वय ५४. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत त्यांची समाधी आहे.

आज आपल्या हातात काय?

विलिस यांच्याकडे जे नव्हतं ते आज आहे. गाठीमुळे वाहिनी अडली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण वाहिनी फुटलेली असेल तर हेच इंजेक्शन घातक ठरतं. शिवाय हे कडं बऱ्याच लोकांत पूर्ण जुळलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर बसता येत नाही.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं की अंगारा, मालिश, सकाळी बघू असं करू नका. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात थेट पोचा. बिनगाडीच्या काळात विलिस एका घोड्यावर दोघांत भागवत रोग्यांपर्यंत जात होते. आज गाडी आहे, रस्ता आहे. घालवायचा नाही तो फक्त वेळ.