नांगर विकणारा गृहस्थ

माल विकणाऱ्या माणसाविषयी मराठी मनात एक जुनी अढी आहे. संत, शूर, पंडित, कवी, नट यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. परंतु गावोगाव हिंडून वस्तू खपविणाऱ्याचे चरित्र ते काय असणार, असे आपल्याला वाटते. विक्रेता आणि दलाल यांत आपण फारसा भेद करीत नाही. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना लोक ओळखतात ते थोर कारखानदार म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी नांगर घडविताना लागली नव्हती. घडविलेला नांगर शेतकऱ्याच्या हाती देताना ती लागली. त्या वर्षांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

घाट चढला की बेळगाव. गोमंतकीयांना ते गाव परके कधीच नव्हते; मुक्तिलढ्याच्या काळात तेथे आमच्या किती कार्यकर्त्यांना आसरा मिळाला, हे नव्याने सांगण्याचे कारण नाही. त्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी लक्ष्मणरावांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे चित्त मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला ओढ चित्रांची आणि यंत्रांची. मुंबईस जे. जे. कलाशाळेत तो गेला, आणि तेथे उमगले की काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून क्रूर आघात कोणता? लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला आणि यांत्रिक रेखाटन हाती घेतले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. याच काळात, १८८८ साली, बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर त्यांनी सायकलींचे दुकान काढले. धाकट्याने मुंबईहून सायकली धाडाव्यात, थोरल्याने त्या विकाव्यात आणि गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवावे, असा तो व्यवहार होता. संस्थेत हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियनास दिली गेली, तेव्हा लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावास परतले. पाठीशी दुकान आणि भाऊ होता, म्हणूनच स्वाभिमान परवडला, हेही नमूद केले पाहिजे.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना उभारला. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही तेथील प्रमुख उत्पादने. कडब्याचे यंत्र समजायला सोपे होते. नांगराचे तसे नव्हते. लोखंडाने जमिनीला विष चढते, ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! घरात नवी वस्तू तयार आहे, ती उपयोगी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि दोन वर्षे कोणी तिला हात लावीत नाही, ही अवस्था ज्याने भोगली नाही त्याने शेतकऱ्याच्या अडाणीपणावर व्याख्यान देऊ नये.

कारण तो सर्वस्वी अडाणीपणा नव्हता, असे आमचे मत आहे. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, त्याचा फाळ गावचा लोहार शेवटी. त्याबद्दल सुगीला बलुते घातले की भागे. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसा मोजावा लागे, आणि रोख पैसा बहुधा सावकाराकडूनच यायचा. शिवाय ओतीव लोखंडाचा फाळ झिजला किंवा तुटला तर गावच्या भात्यावर तो दुरुस्त होत नाही. नवा फाळ विकणाऱ्याकडेच मागावा लागतो. ऐन हंगामात विकणारा सापडला नाही तर? विषाची समजूत ही बोलण्याची गोष्ट झाली. तिच्या पोटात ही भीती दडलेली होती. तेव्हा नांगराबरोबर सुटे भाग पुरविण्याची आणि तो आपल्या मातीत कसा चालतो हे दाखविण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावर आली. विलायतेहून येणाऱ्या रॅन्सम कंपनीच्या नांगराशी देशी नांगराने टक्कर दिली ती या वाटेने. स्वदेशीच्या भावनेचा त्याला हातभार लागला असेल. पण नुसत्या भावनेने कृष्णाकाठच्या काळ्या रानातील हरळी आणि कुंदा निघत नाहीत. तेथे जड लाकडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत, आणि तरीही माती उलटत नसे. लोखंडी नांगराने ती उलटली. (आमच्याकडच्या खाजनांच्या चिखलात हलका लाकडी नांगरच बरा होता. म्हणून कोकणपट्टीत या नांगराचा तेवढा गाजावाजा झाला नाही. प्रत्येक जमिनीचे आपले एक म्हणणे असते.)

धंद्याने जरा बाळसे धरले तोच बेळगाव नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी त्यांची जागा हवी झाली आणि त्यांना उठावे लागले. चाळिशीला आलेला, पोराबाळांचा बाप, आणि कारखान्याला जागा नाही. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. राजे स्वतः चित्रकार. रंग पारखता न आल्याने चित्रकला सोडलेल्या माणसाची पारख त्यांना झाली, हा योग मोठा हृद्य आहे. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याचे हाल. १० मार्च १९१० रोजी तेथे जी वसाहत सुरू झाली, तीच किर्लोस्करवाडी.

येथे राधाबाईंचे नाव घेतल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. पुरुषाने ध्येयापायी रानात जाऊन राहिले तर त्याचा इतिहास होतो; त्याच रानात ज्या बाईने चूल पेटविली तिचा एका ओळीत उल्लेख होतो. लक्ष्मणरावांबरोबर आलेली कामगार कुटुंबे मोजकीच होती, आणि या सर्वांचे दुखणेखुपणे, सणवार हे धनिणीच्या अंगणातूनच जायचे. रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार सांभाळला. लक्ष्मणरावांनी अस्पृश्यतेला वाडीत थारा दिला नाही. सरकारदरबारी गुन्हेगार ठरलेल्या माणसांना त्यांनी राखणदार नेमले आणि त्यांनी विश्वास राखला. कुटुंब या शब्दाची व्याख्या या माणसाने आपल्या कुंपणापर्यंत ताणली होती.

पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची चणचण पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप हेही वाडीत होऊ लागले. १९२० साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविण्याचे ते साधन. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, मागोमाग १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, आणि मराठी घरांत नव्या विचारांचे वारे शिरले. नांगराच्या जाहिरातीच्या पोटी असे अपत्य जन्मावे, हे विक्रीला हलके लेखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मुलांना त्यांनी वाढविले ते कारखान्याच्या धुळीत. थोरले शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याजवळ नांगराला पैसा उरला नाही, तेव्हा नव्या पिढीने तेलावर चालणाऱ्या इंजिनांकडे मोर्चा वळविला. आपला नांगर मागे पडणार हे उघड दिसत असताना बापाने मुलांची वाट अडविली नाही. कर्तबगार वडिलांना हे सहसा साधत नाही. १९४१ मध्ये हरिहरला, १९४६ मध्ये पुण्यास आणि बंगळूरला नवे कारखाने निघाले. पुढे या घराण्याच्या वारसांतील तंटे न्यायालयाच्या पायऱ्या चढले, हे वाचून आम्हांला विषाद वाटला. पण त्याचा जाब १९५६ साली गेलेल्या माणसाला विचारता येणार नाही.

१९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तिच्या तडाख्यात किर्लोस्करवाडीही सापडली. ज्यांनी जातिभेदाला आपल्या वस्तीत जागा दिली नव्हती, त्यांच्या कारखान्याला जातीच्या नावाने आग लागावी, हा दैवदुर्विलास होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांच्या वाट्याला ते पाहणे आले. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे स्टेशन तोवर त्याच्या जुन्या नावाने कोणी ओळखेनासे झाले होते. पुणे–मिरज मार्गावर गाडी जेथे थांबते, त्या फलाटावरच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असेच लिहिलेले आहे.