इरावतीबाई कर्वे : अभ्यास आणि घर

आपल्या वर्गातल्या कितीतरी मैत्रिणी आज शाळेत, बँकेत, दवाखान्यात, पंचायतीत काम करतात. या मेळाव्याला येतानाही अनेकींनी पहाटे उठून घरच्यांचे डबे भरून ठेवले असतील. त्यांना आठवून डॉ. इरावती कर्वे यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

आपल्या शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावचे उत्खनन झाले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. ते करणाऱ्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातच इरावतीबाई १९३९ पासून शिकवत होत्या. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे त्यांचे विषय.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. लहानपणीच त्या शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत आल्या आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव, यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जायचे ठरले, तेव्हा विरोध झाला तो खुद्द सासऱ्यांकडून. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनाही सुनेने इतक्या दूर जाणे पटले नाही. दिनकरराव मात्र पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक युजेन फिशर यांना कवट्यांच्या मोजमापातून गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व दाखवायचे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसे काही आढळत नाही, असे प्रबंधात स्पष्ट मांडले. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

परतल्यावर त्यांनी काही वर्षे सासऱ्यांनीच स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुले याच धावपळीत वाढली. घरात मुले आईवडिलांना इरू आणि दिनू अशी हाक मारीत. अभ्यासासाठी इरावतीबाईंना महाराष्ट्रभर आणि देशभर हिंडावे लागे. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते.

त्या काळी त्या पंढरीची वारीही चालल्या. आपल्या दौंड तालुक्यातील यवत-वरवंडच्या वाटेने दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, त्यामुळे वारी आपल्याला नवी नाही. पण एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जातीनुसार वेगळ्या पंगतीला बसतात, हे त्यांना बोचले आणि त्यांनी ते लिहिले.

भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला. मामा, आत्या, नणंद, जाऊ या शब्दांमागची समाजरचना त्यांनी प्रांतोप्रांती जाऊन तपासली. नाती त्यांनी घरात जगली, तीच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. 'परिपूर्ती' या लेखात त्यांनी एक अनुभव सांगितला आहे. सभेत अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी ओळख झाली, तरी काहीतरी राहून गेल्यासारखे त्यांना वाटत राहिले. मग रस्त्यात एका शाळकरी पोराने आपल्या वर्गातल्या कर्वेची आई म्हणून त्यांना ओळखले, आणि ती ओळख पुरी झाली. एवढ्या मोठ्या विदुषीने हे मोकळेपणाने लिहावे, याचे आजही नवल वाटते.

कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी त्यांनी थोरली लेक जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. आपल्या दोन्ही तालुक्यांत धरणग्रस्तांची पुनर्वसित गावठाणे आहेत. तिथून येणारी मुले आपल्याच बाकावर बसत होती. गाव उठले की शेतीबरोबर नातीही विखुरतात, हे त्यांना ठाऊक आहे.

महाभारतावरील 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. जाई आणि गौरी देशपांडे दोघीही लेखिका झाल्या, आनंद कर्वे शास्त्रज्ञ झाले.

इरावतीबाईंना सारे एकटीने पेलावे लागले नाही. घरात सोबत करणारे माणूस होते. आपल्या मैत्रिणींच्या कर्तबगारीचे कौतुक करताना, त्यांच्या घरी सकाळचा डबा कोण भरतो, हेही या मेळाव्यात आपण मित्रांनी एकमेकांना विचारावे.