मोहोळ वाचणारा अंध

एका माघात आमच्या परसातल्या मधपेटीत पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी राणीघरे लोंबू लागली. माश्या आता पेटी सोडणार, या धास्तीने मी ती सारी खुडून टाकली. परंतु पूर्वपरीक्षेच्या गडबडीत मी पेटी उघडलीच नव्हती, आणि जुनी राणी आठवड्यापूर्वीच थवा घेऊन निघून गेली होती. मागे उरलेल्यांची उद्याची राणी मीच मारली. ती वसाहत संपली.

त्या पश्चात्तापात मी फ्रान्स्वा ह्युबरचे चरित्र वाचावयास घेतले.

ह्युबर जिनीव्हाचा. जन्म २ जुलै १७५०. पंधराव्या वर्षापासून त्याची दृष्टी मंदावली आणि पुढे पुरती गेली. मारी ल्यूलँ हिचे त्याच्यावर प्रेम होते. तिच्या वडिलांचा या विवाहास विरोध होता. ती सज्ञान होईपर्यंत थांबली आणि मग त्याचीच झाली. तीच त्याला ग्रंथ वाचून दाखवी.

मोहोळ पाहण्याचे काम ब्युर्नान्स नावाच्या सेवकाने केले. ह्युबर प्रश्न योजी, ब्युर्नान्स पाहून सांगे, आणि ह्युबर पुन्हा उलटतपासणी घेई. त्याने पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी बनविली. त्यामुळे प्रत्येक पोळे दोन्ही बाजूंनी पाहता येई. एकदा अंडी घालणाऱ्या कामकरी माशीचा शोध घेताना ब्युर्नान्सने दोन पेट्यांतील एकेक माशी हाती धरून तपासली. त्याला अकरा दिवस लागले!

या चिकाटीतून मोहोळाची कित्येक गुपिते उघड झाली. राणीचे मीलन पेटीबाहेर, आकाशात होते. कामकऱ्यांच्या कोवळ्या अळीलाच खास अन्न देऊन माश्या राणी घडवितात. पहिल्या थव्याबरोबर नेहमी जुनी राणीच जाते; नवी मागे राहते. म्हणून कडेची अनेक लहानमोठी राणीघरे म्हणजे प्रस्थानाची तयारी. पोळ्याच्या मध्यावरची मोजकी घरे म्हणजे बहुधा राणी अचानक गमावल्याची खूण. माश्या आपण होऊन जाण्यापूर्वी पेटीचे दोन भाग करावेत, राणी नसलेला भाग नवी राणी घडवील, हा उपायही ह्युबरने सुचविला.

१७९२ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यास लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने तो आहे. पुढची आवृत्ती १८१४ साली निघाली. तिच्या कामी मुलगा प्येर याची मदत झाली. २२ डिसेंबर १८३१ रोजी लोझान येथे ह्युबरचे निधन झाले.

मला दोन्ही डोळे होते, पण पाहण्याआधीच मी निर्णय घेतला होता. आता राणीघर दिसले की प्रथम मी पोळे उजेडाकडे धरून अंडी शोधतो. अंडे तीन दिवसांत फुटते. ते दिसले, तर राणी तीन दिवसांच्या आत तेथे होती. ते न दिसल्यास मी एकाही राणीघराला हात लावीत नाही.